दहा रुपयांचा चहा आणि सातवीचा शेकडेवारीचा धडा

करमाळा तालुक्यातलं केम कुंकवासाठी ओळखलं जातं. पण आज मी तिथल्या चहाच्या हॉटेलाबद्दल लिहिणार आहे. केमच काय, आपल्या कुठल्याही गावात असतं तसं हॉटेल: पत्र्याचं शेड, दोन बाकडी, कढईत भजी. "महागाई वाढली, परवडत नाही" असं तिथला मालक म्हणतो तेव्हा नेमकं काय होत असतं, ते मुलांना आकड्यांत दाखवता येतं.

आकडे सोपे घेऊ. समजा, चहा 10 रुपयांना. एका कपाला 60 मिली दूध, लिटरचा भाव 50, म्हणजे 3 रुपये. साखर-पत्ती 2, गॅस 1. उरले 4. दिवसाला 300 कप गेले तर 1200. त्यातून पोऱ्याची मजुरी 500, भाडं-लाइट 200. मालकाच्या हातात 500.

आता दूध लिटरमागे 5 रुपयांनी चढलं, म्हणजे कपाला 30 पैसे. साखर, पत्ती, गॅस मिळून आणखी 70 पैसे. फक्त एक रुपया! पण 300 कपांचे 300 गेले आणि मालकाकडे उरले 200. कपाचा खर्च वाढला एक रुपया, मिळकत घटली 60 टक्के. मुलं इथं हमखास अडखळतात. अडखळू द्या.

बरं, हे खर्च मालकाच्या हातात नसतात. घरच्या टाकीत 14.2 किलो गॅस असतो; हॉटेलाला 19 किलोची व्यावसायिक टाकी घ्यावी लागते, तिला सबसिडी नाही आणि भाव साधारण दर महिन्याच्या 1 तारखेला बदलतो. तेलाचं तर आणखी गुंतागुंतीचं. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन, सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं. मे 2025 अखेर ते 10 टक्क्यांवर आणलं. सोयाबीनला भाव मिळावा म्हणून शुल्क वाढवलं, आणि बार्शीकडचा तोच सोयाबीनवाला शेतकरी बाकड्यावर बसून भजी महाग झाली म्हणतो. दोघांचंही खरं आहे.

मग चहा 12 ला का विकत नाही? मुलांना करू द्या. आता कपामागे 5 सुटतात, म्हणजे 240 कपांतच जुने 500 मिळतात. 60 गिऱ्हाइकं तुटली तरी चालेल, असं गणित म्हणतं. पण तुटणारे कोण? दिवसात तीनदा चहा घेणारा मजूर, पेपर वाचायला येणारे आजोबा. शिवाय चहाला आला नाही तो भजीही खात नाही. म्हणून मालक भाव तोच ठेवतो, कप लहान करतो, पोऱ्याला कमी करून बायकोला गल्ल्यावर बसवतो. तिची मजुरी हिशेबात कुठंच येत नाही. माझ्या मते धड्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. तिचे 500 धरले तर हॉटेल तोट्यात निघतं की नफ्यात, हे मुलांना काढायला सांगा.

जमलं तर मुलांना गावातल्या हॉटेलात न्या, गर्दीची वेळ टाळून. "किती कमावता?" असं विचारायचं नाही, हे आधी बजावा. दुधाचा, साखरेचा, टाकीचा आजचा आणि गेल्या दिवाळीतला भाव तेवढा विचारा. आणि चहा विकत घ्या.