निवडुंगाच्या माळावरची वाडी

कारखाना कुठे काढायचा हे ठरवताना जमीन, पाणी, वीज आणि रस्ता यांचा हिशेब होतो. तिथे राबणारा माणूस रात्री कुठे टेकणार, हा हिशेब मागे पडतो. आमच्या गोव्यातल्या इब्रामपूरच्या एका अंगाला तुयेची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला सीमेपलीकडे दोडामार्गातली आडाळी एमआयडीसी. दोन्हींविषयी बोलणं निघतं ते भूखंड किती आणि नोकऱ्या किती एवढ्यावरच संपतं. म्हणून कारखान्यासोबत कामगारांची घरंही वसवलेल्या किर्लोस्करवाडीची हकिकत पुन्हा सांगावीशी वाटते. ती आपल्याला परकी नाही. किर्लोस्कर घराण्याचं मूळ गाव सिंधुदुर्गातलं किर्लोस, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांनी धंद्याचा जम बसवला तो आपल्या बेळगावात. आधी सायकलींचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर.

नांगर कुणी घेईना. लोखंडामुळे जमिनीत विष भिनतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. लाकडी नांगर माती नुसती उकरतो. लोखंडी नांगराचा फाळ खोल शिरतो आणि त्यामागचा वळलेला पत्रा मातीचा थर उचलून पालथा घालतो. हरळी-कुंद्याच्या मुळ्या वर येऊन उन्हात वाळतात. हे बांधावर उभं राहून पाहिल्याशिवाय पटणारं नव्हतं, आणि एकदा पाहिल्यावर समजावून सांगायची गरज उरत नव्हती.

धंदा कुठे रुळतोय, तोच शहराच्या वाढीसाठी बेळगावच्या नगरपालिकेने जागा रिकामी करायला सांगितलं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हात दिला. दहा हजार रुपयांचं कर्ज आणि कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकरांचा माळ. साल १९१०. हाच माळ पुढे किर्लोस्करवाडी झाला. माळावर निवडुंग माजलेला आणि नागांचा सुळसुळाट. पंचवीसेक कामगार बायकामुलांसह तिथे आले, आणि मला या साऱ्या इतिहासात हीच बाब सगळ्यांत मोठी वाटते. भट्टी पेटायच्या आधी चुली पेटल्या. लक्ष्मणरावांचे थोरले बंधू रामुअण्णा यांनी वस्तीच्या आखणीत लक्ष घातलं. ही माणसं दिवसा वाळूच्या साच्यात लोखंडाचा तापलेला रस ओतत होती आणि संध्याकाळी त्याच माळावर आपल्या घरी परतत होती. वाडीत शिवाशिव पाळायची नाही, असा दंडक होता. त्या काळात तो पाळून घेणं फार अवघड होतं.

रात्रीच्या पहाऱ्याचं काम दोघांकडे दिलं होतं, तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघेही तुरुंगवास भोगून आलेले. समाजाने ज्यांच्यावर जन्मभराचा शिक्का मारला, त्यांच्या भरवशावर वाडी झोपत होती. याच औंध संस्थानाने पुढे स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत वसवली, तिच्यावरून व्ही. शांताराम यांना ‘दो आँखें बारह हाथ’ सुचला, हे अनेकांना ठाऊक असतं. वाडीचे पहारेकरी त्या वसाहतीच्याही कितीतरी आधीचे.

आणि मग वाडीने मासिक काढलं! शंकरराव किर्लोस्करांनी, म्हणजे शंवाकिंनी, १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. पुढे ते ‘किर्लोस्कर’ झालं. १९३० साली ‘स्त्री’, १९३४ साली ‘मनोहर’. नांगर आणि पंप ओतणाऱ्या माळावरून मराठी घरांत विज्ञान, बुद्धिवाद आणि बायकांच्या हक्कांची चर्चा पोचू लागली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मधूनच लोकांपुढे आले. नुसती पाळी भरून निघून जाणाऱ्यांच्या जागेतून असं काही उगवलं असतं, यावर माझा विश्वास बसत नाही.

याच्या नेमकं उलट पाहायचं तर अमेरिकेत लॉस एंजलिसला खेटून असलेलं वर्नन पाहावं. १९०५ साली खास कारखान्यांसाठी स्थापलेलं हे शहर. ब्रीदच ‘केवळ औद्योगिक’. कामाला रोज हजारो लोक येतात, पण २०१०च्या जनगणनेत रहिवासी भरले ११२. तेव्हा बहुतेक घरं नगरपालिकेच्याच मालकीची होती, म्हणजे मतदार कोण असावेत हेही घरमालकच ठरवत होता. तीच ती माणसं वर्षानुवर्षं सत्तेत राहिली. पन्नास वर्षांच्या आसपास महापौरपद भोगणाऱ्या लिओनिस माल्बर्ग यांना मतदानातल्या लबाडीबद्दल २००९ साली दोषी ठरवण्यात आलं, कारण ते राहत होते भलतीकडेच. २०११ साली हे शहरच बरखास्त करायचं विधेयक आलं, ते वरच्या सभागृहात पडलं. जिथे नांदणारं कुणी नाही, तिथे हिशेब विचारणारंही कुणी राहत नाही.

किर्लोस्करवाडीत सगळं गोडच होतं असं मी म्हणणार नाही. मालकाच्या वस्तीत घर नोकरीला बांधलेलं असतं. नोकरी गेली की छप्परही जातं. लक्ष्मणराव भल्या मनाचे होते म्हणून निभावलं, पण प्रत्येक माळाला लक्ष्मणराव लाभत नाहीत. म्हणून आपल्याकडच्या आराखड्यांत कामगारांच्या घरांना जागा हवी, आणि ती घरं कंपनीच्या नव्हे, राहणाऱ्यांच्या नावावर हवीत. मतदारयादी पंचायतीची, शाळा गावाची. तुयेसाठी आणि आडाळीसाठी ग्रामसभेत बोलायची वेळ येईल तेव्हा नोकऱ्यांच्या आकड्याबरोबर ही मागणीही लेखी द्यावी, एवढं माझं आग्रहाचं सांगणं आहे.