वकील आला, पण न्यायासन कोणाचें?

जित देशांतून परकी फौज हलली आणि तिच्या जागीं परकी वकील येऊन बसला, म्हणजे तो देश स्वतंत्र झाला, अशी सामान्य समजूत आहे. ही समजूत किती फसवी आहे, हें इराकच्या उदाहरणावरून आमच्या वाचकांस दिसून येईल.

ता. २८ जून २००४ रोजीं बगदाद येथील अमेरिकन प्रशासक पॉल ब्रेमर ह्यांनीं नेमल्या मुदतीच्या दोन दिवस आधींच इराकी मंत्रिमंडळाच्या हातीं राज्यसूत्रें दिलीं व त्याच दिवशीं देश सोडला. पुढें जॉन नेग्रोपॉन्टे हे अमेरिकेचे वकील म्हणून काम पाहूं लागले. परंतु जाण्याच्या आदल्या दिवशीं ब्रेमरसाहेबांनीं आपला सतरावा हुकूम दुरुस्त करून कायम केला होता. त्या हुकुमान्वयें परकी सैनिक, आणि आपल्या कामापुरते परकी ठेकेदारहि, इराकी न्यायालयांच्या अधिकारांतून मुक्त झाले. राज्य इराकचें, रस्ते इराकचे; पण त्या रस्त्यावर खून पडला तर खटला भरण्याचा अधिकार मात्र इराकचा नव्हे!

ह्याचें फळ ता. १६ सप्टेंबर २००७ रोजीं दिसलें. बगदादच्या निसूर चौकांत ब्लॅकवॉटर कंपनीच्या पहारेकऱ्यांनीं गोळीबार करून १७ नागरिक ठार केले. हे लोक सैनिक नव्हते. मुत्सद्द्यांच्या रक्षणार्थ ठेवलेले पगारी नोकर होते. मृतांच्या आप्तांस स्वदेशीं दाद मागण्याची सोय नव्हती. खटला वॉशिंग्टन येथें चालला, २०१४ सालीं चौघे दोषी ठरले, आणि डिसेंबर २०२० मध्यें राष्ट्राध्यक्ष ट्रम्प ह्यांनीं त्या चौघांसहि माफी दिली.

महाराष्ट्रास हा अनुभव अपरिचित नाहीं. १८०२ सालीं वसईच्या तहानें बाजीरावानें तैनाती फौज पत्करली. पुण्यास रेसिडेंट होताच. नांवानें तो वकील, पण मागें पलटणी उभ्या असल्यानें त्याचा सल्ला हाच हुकूम ठरला. सोळा वर्षांत पेशवाई बुडाली.

इराकनें मात्र कांहीं शहाणपण दाखविलें. नोव्हेंबर २००८ च्या करारानें परकी ठेकेदार इराकी कायद्याखालीं आले व फौज परत जाण्यास २०११ अखेरची मुदत पडली. मुदत वाढवावयाची तर सैनिकांस कायद्यापासून अभय द्या, असा अमेरिकेचा आग्रह होता. तो मान्य झाला नाहीं, आणि ता. १८ डिसेंबर २०११ रोजीं शेवटची तुकडी कुवेतमध्यें गेली. परंतु जून २०१४ मध्यें 'इस्लामिक स्टेट'नें मोसूल घेतलें, इराकी सैन्य पळालें, आणि जें अभय २०११ सालीं नाकारलें तेंच केवळ वकिलातींच्या पत्रव्यवहारानें द्यावें लागलें.

तात्पर्य, परकी पलटणी किती उरल्या एवढेंच मोजून भागत नाहीं. त्या देशांत गुन्हा करणारा परका कोणाच्या न्यायासनापुढें उभा राहतो, हें आधीं विचारावें. आणि तें न्यायासन राखण्याचें सामर्थ्य ज्याच्या घरीं नाहीं, त्याचें स्वातंत्र्य कागदावरच राहतें, हेंहि विसरूं नये.