हिरडा हवा, तर मालकी रान राखावे

हरीतकीची परीक्षा आपण सर्वच वैद्य जाणतो. फळ नवे, स्निग्ध, घन, गोल व जड असावे आणि पाण्यात टाकताच बुडावे, असे भावमिश्रांनी सांगितले आहे. पोते उघडताच आपण फळ पारखतो. परंतु ते ज्या रानातून आले, त्या रानाची परीक्षा क्वचितच होते. वास्तविक सुश्रुताचार्यांनी औषधी ग्रहणाच्या भूमीचा विचार स्वतंत्र अध्यायात केला आहे. प्रस्तुत लेखात कोकणातील मालकी रानांचा त्याच दृष्टीने विचार करावयाचा आहे.

रान का तुटते?

रत्नागिरी जिल्ह्यात शासकीय वन अत्यल्प असून बहुतेक जंगल खाजगी मालकीचे आहे. एकाच सातबाऱ्यावर अनेक भाऊबंदांची नावे असतात आणि त्यांतील बरेच मुंबईस राहतात. पैशाची निकड भासली की रान ठेकेदारास सरसकट तोडीसाठी दिले जाते व लाकूड जळणास आणि कोळशास जाते. बुंध्यांना फुटवे येतात. पण ते फळावर येण्यापूर्वीच पुन्हा तोड होते. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत हिरडा आहे. त्याच्या तोडीस परवानगी लागते. तथापि कायद्याने तोड थांबली, तरी रान आपोआप सुधारत नाही. त्यासाठी मालकाने लक्ष घालावे लागते.

रानाची निगा

प्रथम फळांच्या हंगामात रान फिरून हिरडा, बेहडा, आवळा आदी वृक्षांची मोजणी करावी व त्यांवर क्रमांक घालावेत. त्यांतील निरोगी व भरघोस फळणारे वृक्ष बियांसाठी कायम राखावेत.

तोडलेल्या बुंध्यावर अनेक फुटवे येतात. त्यांतील दोन-तीन जोमदार ठेवून उरलेले काढावेत. घरच्या जळणाची गरज त्यातून बरीच भागते. राबासाठी फांद्या छाटताना औषधी वृक्ष वगळावेत. पावसाळ्यानंतर गवत वाळू लागताच हद्दीवर जाळरेषा काढावी, कारण एका वणव्याने अनेक वर्षांची रोपे नष्ट होतात. कोवळ्या झाडांना दाबणाऱ्या जाड वेली तोडाव्यात. गुळवेल मात्र ओळखून राखावी. जुना पोकळ बेहडा निरुपयोगी समजू नये. त्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो आणि फळे खाऊन त्यांचे बी दूरवर पसरवितो.

संग्रह

बाळहिरडा म्हणजे अपक्व फळ. सर्वच फळे त्या अवस्थेत काढली, तर सुरवारी हिरडाही मिळत नाही व बीही पडत नाही. म्हणून काही वृक्ष पक्व फळांसाठी सोडावेत. फांद्या मोडून फळे काढू नयेत. सालीच्या बाबतीत अधिक सावधता हवी. खोडाभोवती संपूर्ण वलयाकार साल काढल्यास वृक्ष मरतो. अशोकाची दुर्मिळता व त्यातील भेसळ आपण अनुभवतोच. चरकाचार्यांनी त्वचेसाठी शरद ऋतू सांगितला आहे, तोही पाळावा.

आपले कर्तव्य

मालकास ठेकेदार एकरकमी पैसे देतो. आपण देतो तो भाव अडत्यांच्या साखळीत विरतो. येथेच औषधनिर्मात्यांनी पुढे यावे. चार-पाच फार्मसींनी एकत्र येऊन हंगामापूर्वीच भाव ठरवावा, काही रक्कम आगाऊ द्यावी आणि त्या बदल्यात मोजलेले वृक्ष उभे राखण्याचा लेखी करार करावा. फळे स्वच्छ जागी वाळविण्याची अटही त्यात असावी. ही कल्पना अव्यवहार्य नाही. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनच्या प्रयत्नांतून सह्याद्रीतील हिरडा व बेहडा यांना फेअरवाइल्ड हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालेले आहे.

आपण भाव देताना दोन पैशांची घासाघीस करतो आणि मागे एक रान कोळशात जाते. पुढील पिढीच्या वैद्यास त्रिफळेतील तिन्ही फळे अस्सल मिळावीत, असे वाटत असेल, तर येत्या हंगामात प्रत्येक फार्मसीचालकाने आपला हिरडा कोणत्या रानातून येतो, याची एकदा तरी चौकशी करावी.