मशीन खरंच तापलंय की सेन्सर चुकतोय? असं ओळखा!

उन्हात मोबाईल चार्जिंगला लावला की कधी कधी मेसेज येतो, ‘तापमान जास्त आहे, चार्जिंग थांबवलं’. बॅटरीजवळचा छोटासा थर्मिस्टर ही खबर देतो. मोठ्या मशीनमध्येही हेच चालतं, फक्त तिथे चूक फार महागात पडते.

चिपळूण तालुक्यातलं पोफळी घ्या. इथल्या कोयना प्रकल्पाच्या भूमिगत वीजगृहात पहिल्या दोन टप्प्यांची मिळून ८ जनित्रं आहेत. इंधन जळत नाही, तरी फिरणाऱ्या जनित्राचं बेअरिंग आणि वाइंडिंग तापतंच. अशा ठिकाणी सहसा पीटी१०० सेन्सर असतो. गॅस इंजिनाचा धूर शेकडो अंश गरम, म्हणून तिथे थर्मोकपल लागतो.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला स्क्रीनवरचा आकडाच दिसतो. पण सेन्सर तापमान पाठवतच नाही! पीटी१०० चा रोध ० अंशाला १०० ओहम असतो आणि १०० अंशाला साधारण १३८.५. यावरून तापमान काढलं जातं. म्हणजे सैल स्क्रूमुळे नुसता १ ओहम वाढला तरी आकडा अडीच अंशांनी चढतो.

मग खरं-खोटं कसं ओळखायचं?

१. आकडा कसा वाढला? टनावारी लोखंड एका सेकंदात ६० वरून ३०० अंशांवर जात नाही. अशी उडी दिसली तर बहुतेक वायर तुटलेली असते. हळूहळू चढणारा आकडा मात्र गांभीर्याने घ्या.

२. शेजारी काय सांगतात? बेअरिंग खरंच तापलं तर तेलाचं तापमानही वाढतं.

३. मल्टिमीटर काय म्हणतो? वायर सोडवून तंत्रज्ञ रोध मोजतो. ६० अंशांना साधारण १२३ ओहम यायला हवेत. शून्याजवळ आला तर शॉर्ट, काहीच आला नाही तर वायर तुटलेली.

थर्मोकपलच्या वायरी उलट जोडल्या तर गंमतच! इंजिन तापतं आणि आकडा खाली जातो.

म्हणूनच ‘सेन्सर बिघडला’ आणि ‘तापमान वाढलं’ हे दोन वेगळे अलार्म हवेत, असा माझा आग्रह असतो. सारखा खोटा अलार्म वाजला की ‘लांडगा आला रे’सारखं होतं. ऑपरेटर लक्ष देणं सोडतो आणि एक दिवस बेअरिंग खरंच जळतं. त्यामुळे सेन्सरच चुकतोय हे पक्कं होईपर्यंत अलार्म खराच धरायचा.