पिवळ्या पिनेच्या पलीकडे

जुनी खेळयंत्रं : भाग ६

मागच्या भागात सेगा मेगा ड्राइव्हच्या पोटातली चित्र काढणारी चिप पाहिली. ३२० बाय २२४ ठिपके, ५१२ रंगांपैकी एका वेळी ६४, आणि प्रत्येक ठिपका आपल्या जागी चोख. आता तेच मशीन पिवळ्या पिनेने टीव्हीला जोडा. सोनिकच्या लाल बुटांचा रंग शेजारच्या ठिपक्यांत ओघळलेला, स्कोअरच्या आकड्यांच्या कडांवर मुंग्या चालल्यासारखं काहीतरी, आणि सगळ्यावर हलकासा ओलसरपणा. आत चोख असलेलं चित्र दीड-दोन मीटरच्या प्रवासात एवढं बिघडतं कसं?

खरं तर ते वाटेत बिघडत नाही, निघतानाच बिघडलेलं असतं. मेगा ड्राइव्हच्या आत चित्र लाल, हिरवा आणि निळा अशा तीन वेगळ्या सिग्नलांत तयार होतं. पहिल्या मॉडेलमध्ये हे तिन्ही सिग्नल सोनीच्या सीएक्सए११४५ या एन्कोडर चिपकडे जातात. ही चिप दोन कामं करते. तिन्ही रंगांना थोडा जोर देऊन ती ते वेगवेगळेच मागच्या गोल सॉकेटकडे पाठवते. शिवाय त्यांचा एकत्र काला करून एकाच तारेत मावणारा कंपोझिट सिग्नल बनवते. पिवळी पिन म्हणजे हा काला. त्यात उजेडाची माहिती आणि रंगाची माहिती एकमेकांवर चढवलेली असते. अमेरिका-जपानच्या एनटीएससी पद्धतीत रंग ३.५८ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसतो, युरोपात आणि आपल्याकडे चालणाऱ्या पाल पद्धतीत ४.४३ मेगाहर्ट्झच्या. टीव्हीने हे दोन्ही पुन्हा सुटे करायचे असतात. कालवलेल्या भेळेतून चिंचेचं पाणी परत वाटीत काढण्याइतकंच ते जमतं.

गंमत अशी, की या गडबडीचा आकडाच मांडता येतो. ३२० ठिपक्यांच्या मोडमध्ये एनटीएससी मेगा ड्राइव्ह सेकंदाला सुमारे ६७ लाख १० हजार ठिपके या वेगाने ओळ काढतो. एक उभी रेघ गडद, पुढची फिकट, पुन्हा गडद असं चित्र असेल, तर तो चढउतार त्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे साधारण ३.३६ मेगाहर्ट्झने होतो. रंगाची लहर ३.५८ची. दोन्ही इतके जवळ, की टीव्ही फसतो आणि उजेडातला चढउतार रंग समजून बसतो. १९९१च्या ‘सोनिक द हेजहॉग’मधला पहिल्याच पातळीवरचा धबधबा आठवा. तो अशाच एकाआड एक उभ्या रेघांनी काढलेला आहे. कंपोझिटवर त्या रेघा एकमेकींत विरघळतात आणि पाणी पारदर्शक दिसतं, पण त्यावर फिक्या इंद्रधनुषी पट्ट्याही उमटतात. तीच केबल बदलून तिन्ही रंग वेगळे आणले, की पट्ट्या जातात. पाण्याची पारदर्शकताही जाते आणि सरळ सरळ फणी दिसायला लागते. चित्रकारांनी हा घोळ गृहीत धरून रेघा मारल्या होत्या असं मानणाऱ्यांचा एक पंथच आहे. धबधब्यापुरतं मला ते पटतं, पण एका धबधब्यासाठी बाकीच्या खेळातली अक्षरं किती वेळ वाचायची नाहीत?

म्हणजे ‘चांगली’ केबल चित्र सुधारत नाही. एन्कोडरचा काला व्हायच्या आधीचं चित्र ती बाहेर काढते, एवढंच. हे ध्यानात ठेवलं, की सोन्याच्या मुलाम्याच्या पिना आणि बोटाएवढी जाड वायर यांवर पैसे घालवावेसे वाटत नाहीत. पिवळ्या तारेला सोनं लावलं, तरी आतून जे निघतं ते कालवलेलंच.

या सगळ्यात नशीबवान ठरला तो फ्रान्स. तिथे सेकाम ही तिसरीच रंगपद्धत होती, पाल सिग्नल दिला तर तिथला टीव्ही काळंपांढरं दाखवायचा. पण १९८०पासून तिथे विकल्या जाणाऱ्या टीव्हींना स्कार्ट सॉकेट सक्तीचं होतं. २१ संपर्कांचा हा बोजड, वाकडा, अर्धवट बसणारा आणि सारखा निसटणारा प्लग पुढे युरोपभर पसरला. त्याच्या दिसण्याला नावं ठेवणारे ठेवोत, पण लाल-हिरवा-निळा वेगवेगळे घेण्याची सोय त्याने घराघरात नेली. जपानी मशीन मागवून खेळणाऱ्या युरोपीय मुलांनाही त्यातूनच वाट सापडली. तीन रंग सुटे आले, की एनटीएससी-पालचा रंगाचा वादच उरत नाही. टीव्ही ६० हर्ट्झवर चित्र स्थिर धरू शकला, की झालं.

आता खरा मामला, म्हणजे प्लगच्या डोक्यात काय असतं. मेगा ड्राइव्हसाठी नीट बनवलेल्या स्कार्ट प्लगचे स्क्रू काढले, तर तीन छोटी डबडी दिसतात, २२० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, प्रत्येक रंगाच्या तारेत एक. मशीनमधून रंगाच्या सिग्नलासोबत थोडा स्थिर डीसी व्होल्टेजही बाहेर येतो. कपॅसिटर तो अडवतात आणि फक्त चित्र पुढे सोडतात. त्यांची धन बाजू मशीनकडे असावी लागते. शेजारी १८० ओहमचा एक रेझिस्टर असतो. स्कार्टच्या १६व्या पिनेवर १ ते ३ व्होल्ट आले, तरच टीव्ही तिन्ही रंगांकडे बघतो. मशीनकडे असतात ५ व्होल्ट. हा रेझिस्टर आणि टीव्हीच्या आतले ७५ ओहम मिळून त्याचे सुमारे दीड व्होल्ट होतात. काही दीडशहाण्या केबलींत तेच ५ व्होल्ट ८व्या पिनेलाही दिलेले असतात. त्या पिनेच्या भाषेत एवढ्या व्होल्टेजचा अर्थ ‘रुंद पडदा’, त्यामुळे रुंद टीव्हीवर सोनिक आडवा सुटतो.

पहिल्या मेगा ड्राइव्हच्या मागच्या सॉकेटात आवाज मोनो येतो, स्टिरिओ फक्त समोरच्या हेडफोनच्या छिद्रात. म्हणून त्याच्या काही केबलींना एक जास्तीचं शेपूट असतं, ते मशीनला वळसा घालून पुढे येतं. दिसतं विचित्र, पण संगीत ऐकण्यासारखं असल्यामुळे ते शेपूट हवंच.

रंगांइतकीच महत्त्वाची, आणि विकणारे हमखास गाळतात ती गोष्ट म्हणजे सिंक. नवी ओळ कुठे सुरू झाली, नवं चित्र कुठे सुरू झालं, हे टीव्हीला सांगणारे ठोके. तीन रंगांबरोबर ही चौथी तार लागतेच. स्वस्त केबलींत या कामाला कंपोझिटचीच तार जोडून देतात. त्यातही ठोके असतात, टीव्ही ते निवडून घेतो आणि बाकीचं सोडून देतो. पण ते बाकीचं, म्हणजे कालवलेलं अख्खं चित्र, त्याच वायरीतून जात असतं. आतल्या तारांना वेगवेगळं शिल्डिंग नसेल, तर ते शेजारच्या रंगांत झिरपतं. पहिल्या प्लेस्टेशनवर हे अगदी उघड दिसतं. सपाट रंगाच्या भागावर बारीक बुद्धिबळाच्या पटासारखी जाळी उमटते. उपाय एकच, सिंकची तार बदलणं. एक तर एस-व्हिडिओतली उजेडाची तार घ्यायची, तिच्यात ठोके असतात आणि रंगाची लहर नसते. नाही तर जिथे निव्वळ सिंक बाहेर काढलेला आहे तिथे तो घ्यायचा. मेगा ड्राइव्हमध्ये तो आहे, पण टीव्हीला झेपेल त्यापेक्षा जोरात येतो, म्हणून वाटेत साधारण ४७० ओहमचा रेझिस्टर घालतात. याच शिल्डिंगच्या कंजूषपणामुळे, पडदा एकदम पांढरा झाला की स्पीकरमध्ये गुणगुण ऐकू येते.

सुपर निन्टेन्डोवाल्यांनी इथे जरा जास्त सावध राहावं. अमेरिकी-जपानी मशीन आणि युरोपीय मशीन यांचं मागचं सॉकेट दिसायला अगदी सारखं, प्लगही तोच बसतो. पण पहिल्याच्या केबलमध्ये रंगांना २२० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लागतात, दुसऱ्याच्या केबलमध्ये कपॅसिटर नकोत, ७५ ओहमचे रेझिस्टर ग्राउंडला हवेत. त्याहून वाईट म्हणजे, पहिल्यात ज्या पिनेवर निव्वळ सिंक येतो, त्याच पिनेवर युरोपीय मशीनमध्ये १२ व्होल्ट असतात. निव्वळ सिंकसाठी बनवलेली केबल चुकून त्याला लावली, तर ते १२ व्होल्ट टीव्हीच्या सिंकच्या पिनेवर आदळतात.

जपानचा २१ पिनांचा प्लगही बाहेरून हुबेहूब स्कार्ट. आतली जोडणी वेगळी. जपानी प्लगमध्ये जिथे निळा रंग, तिथे युरोपीय सॉकेट सिंक शोधत असतं.

आणि आपल्याकडची कॅसेटवाली मशीनं? नव्वदच्या दशकात बाजारातून आणलेली बहुतेक सगळी निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला. दुर्दैवाने त्यांच्यासाठी ही सगळी चर्चा फुकट. मूळ फॅमिकॉमच्या चित्राच्या चिपमध्ये तीन रंग वेगळे असे कधी नसतातच, ती थेट कंपोझिटच तयार करते. पिवळ्या पिनेच्या मागे काढण्यासारखं काही नाही. फ्रान्समध्ये विकलेल्या एनईएसला, म्हणजे फॅमिकॉमच्याच पाश्चात्त्य अवताराला, स्कार्ट होतं खरं, पण आतमध्ये तयार कंपोझिट पुन्हा फोडून त्याचे तीन रंग केले जात. अशा मशीनसाठी ‘आरजीबी केबल’, म्हणजे लाल-हिरवा-निळा सुटे आणणारी केबल, विकणारा भेटला, तर नमस्कार करून पुढे जावं. अँटेनाच्या वायरीतून चॅनेल ३-४वर चालणारं मशीन असेल आणि त्याला पिवळी पिनही असेल, तर तेवढा बदल मात्र जरूर करा. तो फरक लहान नाही.

स्कार्ट नसलेल्या देशांतल्या लोकांनी दुसरी वाट काढली. अमेरिकेत एचडी रेट्रोव्हिजनच्या केबलींमध्ये एक छोटं सर्किट असतं. ते मशीनकडून वीज घेतं आणि लाल-हिरवा-निळा यांचं रूपांतर कंपोनेंट सिग्नलात करतं. आपल्याकडच्या नंतरच्या काही मोठ्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हींना मागे हिरवं-निळं-लाल अशी व्हिडिओची तीन छिद्रं असायची, ती याच सिग्नलाची. असा टीव्ही भंगारात निघालेला दिसला, तर उचलण्याआधी पाठीचा विचार करावा. वजन बरंच असतं.

घरी सोल्डरिंग येत असेल, तर हे सगळं स्वतः करता येतं. केबल विकत घेतली असली, तरी लावण्याआधी मल्टिमीटरने दोन गोष्टी तपासाव्यात. मशीनच्या ५ किंवा १२ व्होल्टच्या पिनेपासून स्कार्टच्या २०व्या, म्हणजे सिंकच्या, पिनेपर्यंत बीप वाजता कामा नये, आणि तिन्ही रंगांच्या तारा एकमेकींना किंवा ग्राउंडला थेट लागलेल्या नसाव्यात. विकणाऱ्याला विचारायचं एवढंच : सिंक कुठला, आणि कोणत्या देशाच्या मशीनसाठी. ‘सगळ्याला चालते’ असं उत्तर आलं, तर घेऊ नका.

पुढच्या आठवड्यात : हीच केबल आजच्या सपाट टीव्हीला जोडली, की तो २४० ओळींचं चित्र ४८० ओळींचं समजून त्याची चाळण का करतो, आणि मधल्या डब्या काय करतात.