महागाई भत्ता

पुसेगावच्या शाळेतल्या गुरुजींना दरमहा ठरलेला पगार मिळतो. बाजारात ज्वारी महागली, तेल महागले, की तेवढ्या पगारात घर चालत नाही. म्हणून पगाराबरोबर काही जादा रक्कम देतात. तिला महागाई भत्ता म्हणतात.

१९७७ साली राज्य सरकारच्या नोकरांना हा भत्ता केंद्र सरकारच्या नोकरांपेक्षा कमी मिळत असे. पोस्टातला शिपाई केंद्राचा, तहसील कचेरीतला शिपाई राज्याचा. दोघे एकाच दुकानातून मीठ-मिरची घेत. दोघांना भाव एकच. मग भत्ता वेगळा का?

राज्यातले नोकर एक झाले. र. ग. कर्णिक त्यांचे पुढारी होते. १४ डिसेंबर १९७७ ला संप सुरू झाला. तो ५४ दिवस चालला. संप सोपा नसतो. काम बंद, तर पगारही बंद. घरात उसनवारी सुरू होते. कचेरीत लोकांचे कागद अडून राहतात. म्हणून आधी अर्ज करावा, बोलणी करावी. संप हा शेवटचा उपाय.

संप मिटला, पण मागणी मिटली नाही. १९७८ साली नवे सरकार आले. त्याने केंद्राप्रमाणे भत्ता देण्याचे ठरवले.

पगार असो की शेतावरची मजुरी, भाव वाढले की कष्टाचे मोलही वाढले पाहिजे. एकट्याने मागितले तर कोण ऐकतो? सगळ्यांनी मिळून मागावे लागते.