क्रेनच्या केबिनमधून मुंबई हाय

धक्क्यावर क्रेन चालवणाऱ्याला माल एका जागी थांबलेला मिळतो. आम्हाला तो नाचता मिळतो. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मच्या पायथ्याशी सप्लाय बोट लागलेली असते. ती लाटेबरोबर वरखाली होते, आणि तिच्याबरोबर डेकवरचा कंटेनरही. मी वरून हुक सोडतो, बोटीवरचे खलाशी स्लिंग अडकवतात आणि झटकन बाजूला होतात. आता उचलायचं कधी? बोट लाटेच्या माथ्यावर असते त्याच क्षणी. त्यानंतर बोट आपोआप खाली जाते आणि कंटेनर मोकळा होतो. बोट तळाशी असताना उचलायला गेलात, तर पुढची लाट डेकला खालून कंटेनरवर आणून आदळते. स्लिंग सैल पडते आणि बोट पुन्हा खाली गेली की हिसक्याने ताणली जाते. त्या हिसक्यात कंटेनरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त भार वायररोपवर येतो. म्हणूनच समुद्रातल्या क्रेनच्या लोड चार्टमध्ये लाटेच्या उंचीप्रमाणे वेगवेगळे आकडे असतात. लाट जितकी मोठी, तितकं उचलायचं वजन कमी.

हे काम मी बरीच वर्षं मुंबई हायवर केलं. आता तरुण रिगरना, म्हणजे माल बांधून हुकाला अडकवणाऱ्यांना, शिकवतो. गावाकडची पोरं भेटली की पहिला प्रश्न पगाराचा असतो, आणि त्यात काही गैर नाही. पण पगार कशाचा मिळतो, हेही त्यांना कळलं पाहिजे.

मुंबईच्या पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर हे तेलक्षेत्र आहे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या रिगने तिथे तेल शोधलं आणि १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं. पाणी सुमारे ७५ मीटर खोल. त्यात पोलादी पायांवर प्लॅटफॉर्म उभे आहेत. काही लहान, माणूस नसलेले, नुसत्या विहिरींचे. काही मोठे, पुलांनी एकमेकांना जोडलेले, जिथे तेल, वायू आणि पाणी वेगळं केलं जातं आणि शेकडो माणसं राहतात. तेल आणि वायू समुद्राच्या तळावरच्या पाइपलाइनमधून उरणला येतात. सामान न्हाव्याहून बोटीने जातं, माणसं जुहूहून हेलिकॉप्टरने. आम्ही त्याला चॉपरच म्हणतो.

चॉपरमध्ये बसण्याआधी एक प्रशिक्षण घ्यावं लागतं. मोठ्या तलावात चॉपरची नकली केबिन असते. तुम्हाला पट्टा बांधून तिच्यात बसवतात, केबिन पाण्यात सोडतात आणि उलटी करतात. डोकं खाली, नाकात पाणी, वर काय आणि खाली काय याचा पत्ता नाही. एक हात खिडकीच्या चौकटीवर घट्ट ठेवायचा, दुसरा पट्ट्याच्या बकलवर. केबिन फिरायची थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही, कारण तो आधी सुटला तर माणूस आतच भरकटतो. चौकटीवरचा हात हीच तुमची दिशा. गोव्यात बेतुलला ओएनजीसीचं, म्हणजे हे तेलक्षेत्र चालवणाऱ्या सरकारी कंपनीचं, असं मोठं केंद्र २०२४ मध्ये सुरू झालं. पट्टीचे पोहणारेही त्या केबिनमध्ये गांगरतात.

प्लॅटफॉर्मवर पोचलात की बारा तासांची पाळी. ओएनजीसीच्या कायम माणसांचं चक्र चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी असं असतं. कंत्राटी माणूस त्याहून बराच जास्त काळ राहतो. रोज सकाळी टूलबॉक्स टॉक होतो, म्हणजे आज कोण काय करणार आणि त्यात धोका काय, याची उभ्याउभ्या चर्चा. मग परमिट. लेखी परमिटशिवाय वेल्डिंगची ठिणगीही पाडता येत नाही, कारण शेजारच्याच पाइपात वायू वाहत असतो. परमिटवर सही करणारा आणि काम करणारा, दोघांनी जागेवर जाऊन पाहायचं असतं. घाईच्या दिवशी हेच टाळलं जातं, आणि बहुतेक अपघातांची सुरुवात तिथेच होते, असं माझं ठाम मत आहे.

पावसाळ्यात चॉपर उडू शकत नाही तेव्हा माणसं बोटीवरून क्रेनच्या बास्केटने चढवतात. खाली गोल कडं, वर दोरांची जाळी. सामान आत, माणसं बाहेरच्या बाजूने कड्यावर उभी, तोंड आत, दोन्ही हात दोरांत कोपरापर्यंत गुंतवलेले. कंटेनर उचलताना माझा हात कधी थरथरला नाही, पण बास्केट हुकाला असली की मी केबिनमधला रेडिओ सोडून दुसरा आवाज ऐकत नसे.

२७ जुलै २००५ चा प्रसंग अशाच एका कामातून घडला. आदल्याच दिवशी मुंबई पुरात बुडाली होती. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या बोटांना इजा झाली, म्हणून त्याला मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर आणायचं ठरलं. चॉपर उडण्यासारखं हवामान नव्हतं. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची क्रेन उपलब्ध नव्हती, म्हणून जहाज वाऱ्याच्या तोंडच्या बाजूला आलं. अशा बाजूला जहाजाचा ताबा सुटला तर ते प्लॅटफॉर्मपासून लांब जात नाही, त्याच्यावरच येतं. तसंच झालं. जहाज वायू वाहून नेणाऱ्या उभ्या पाइपवर, म्हणजे रायझरवर आदळलं. गळलेल्या वायूने पेट घेतला आणि सुमारे दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात गेला. ३६२ जण वाचले, २२ जण गेले.

जखमी माणसाला मदत करावी असंच सगळ्यांना वाटत होतं. म्हणून तर तिथे ‘आत्ता नको’ म्हणणं अवघड होतं. आमच्या धंद्यातली खरी कसोटी मला इथे दिसते.

मला एकदा असा नकार द्यावा लागला. एका पंपाचा सुटा भाग बोटीवर आला होता, पंप बंद होता, उत्पादन अडलं होतं. लाट चार्टमधल्या मर्यादेच्या वर गेली होती. मेकॅनिक खालून सारखा म्हणत होता, “दादा, उचला ना, पाच मिनिटांचं काम आहे.” कंत्राटदाराच्या सुपरवायझरने रेडिओवर सुनावलं की तुम्हाला जमत नसेल तर दुसरा माणूस आणतो. मी बूम विसाव्यावर ठेवली. प्लॅटफॉर्मच्या प्रमुखाने चार्ट मागवला, पाहिला आणि बोटीला थांबायला सांगितलं. भाग दुसऱ्या दिवशी चढला. मला पाठिंबा मिळाला म्हणून नोकरी टिकली. सगळ्यांना तो मिळतोच असं नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसं होती, त्यातली ७० हून अधिक दगावली. असा बार्ज म्हणजे कामगारांची तरंगती वसाहत. त्याला स्वतःचं इंजिन नव्हतं, तो नांगरांवर उभा होता. नांगर तुटले, बार्ज वाहत गेला, एका प्लॅटफॉर्मवर आपटला आणि त्याला भोक पडलं. नौदलाच्या आयएनएस कोचीसारख्या जहाजांनी त्या खवळलेल्या पाण्यातून माणसं काढली, ते काम अफाट होतं. पण वादळाचा इशारा आधीच आला होता. बार्जवर झोपणाऱ्या वेल्डरला किंवा फिटरला ‘आम्हाला किनाऱ्यावर न्या’ असं म्हणायची सोय होती का? माझ्या अनुभवाने सांगतो, कंत्राटाच्या शेवटच्या पायरीवरच्या माणसाला ती नसते. ही गोष्ट मला अजून सोसत नाही.

म्हणून आयटीआय करून इकडे येणाऱ्या मुलांना मी सांगतो, एजंटला पैसे देऊ नका. जहाजावर भरती करणाऱ्याकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का, ते तपासा. राहायला प्लॅटफॉर्म आहे की बार्ज, आणि वादळात बार्ज आत आणण्याचा निर्णय कोण घेतं, हे सही करण्याआधी विचारा. प्रशिक्षणाचा खर्च कोण करणार, विमा कोणाच्या नावे आहे, हेही विचारा. आईवडिलांना बरोबर बसवून विचारा.

आमच्या क्रेनच्या कामात एक नियम जगभर पाळला जातो. हुक कुठे न्यायचा, हे एकच माणूस खुणेने सांगतो आणि ऑपरेटर फक्त त्याचंच ऐकतो. अपवाद एका खुणेचा. थांबण्याची खूण डेकवरच्या कुणीही द्यावी, अगदी आचाऱ्यानेही, आणि ऑपरेटरने कारण न विचारता थांबावं. वर्गात पहिल्याच दिवशी मी हुकाला रिकामं पिंप अडकवतो आणि प्रत्येक मुलाला ती खूण द्यायला लावतो. सुरुवातीला हात खांद्याच्या वर जात नाहीत, साहेब रागावतील असं वाटतं. जो लाजतो त्याला पुन्हा उभं करतो.